वंशावळींतील रिकामी जागा

आमच्या परभणी जिल्ह्यांत अलीकडे एक शब्द फार ऐकूं येतो. तो शब्द वंशावळ हा होय. पूर्वीं तो सोयरीक जुळवितांना, किंवा वाटणीचा तंटा पडला म्हणजे कानीं पडे. आतां तो तलाठ्याच्या कचेरींत, तहसिलीच्या ओसरीवर आणि गांवच्या पारावर सारखाच चालतो. सन २०२३ च्या सप्टेंबरांत सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमिली, आणि मराठवाड्याच्या जुन्या दप्तरांत कुणबी अशी नोंद कोठें कोठें आहे याचा शोध सुरू झाला. निजामाच्या अमलांत उर्दूंत व मोडींत लिहिलेले कागद रुमालांतून बाहेर निघाले. पाहणीपत्रक, खासरापत्रक, कोतवाल बुक, शाळेचें दाखलखारीज रजिस्टर, हीं नांवें ज्यांनीं कधीं ऐकिलीं नव्हतीं त्यांच्याहि तोंडीं बसलीं. पुढें २०२५ च्या सप्टेंबराच्या २ तारखेस हैदराबाद गॅझेटासंबंधीं शासननिर्णय निघाला, तेव्हां पणज्याचें नांव शोधण्याची ही घाई आणखीच वाढली.

आरक्षणाचा वाद कसा मिटावा हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे, व तो आमचा विषयहि नव्हे. परंतु ह्या शोधानें एक जुनाच प्रश्न प्रत्येक घरापुढें आणून ठेविला आहे, आणि तो सुखवस्तु घरापेक्षां गरीब घरास अधिक बोंचतो. ज्याच्या पूर्वजाची नोंद सांपडली त्याचें काम झालें. ज्याची सांपडत नाहीं त्यानें काय करावें? वंशावळींत जी जागा रिकामी राहते तेथें काय लिहावें? वाचकहो, ह्याच प्रश्नाचा आज आपण शांतपणें विचार करूं.

प्रथम हें पाहावें कीं, नोंद कोणाची होई. आपल्या देशांत घराण्यांचा वृत्तांत राखण्याची रीत फार जुनी आहे. भाट वह्या घेऊन यजमानांच्या गांवीं फिरत आणि नव्या जन्मलेल्यांचीं नांवें लिहून घेत. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांपाशीं यात्रेस आलेल्या कुळांच्या नामावळी पिढ्यानपिढ्या जपलेल्या आहेत. विसाव्या शतकांत कित्येक घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत छापून काढिले. तीं पुस्तकें मोठ्या मेहनतीचीं आहेत, आणि त्यांची थट्टा करण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु भाटाला द्यावयास ज्याच्या घरीं दाणे नव्हते, आणि तीर्थावर ज्याला उपाध्याय आपल्या ओसरीवर बसूं देत नसे, त्याचें नांव कोणत्या वहींत चढणार? आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतल्या पुष्कळ घरांचे पूर्वज असेच वहीबाहेरचे होते.

येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जुन्या काळीं दोन गांवांमध्यें शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराची साक्ष मोठी मानीत. कोणत्या ओढ्यापासून कोणत्या दगडापर्यंत शीव जाते, हें त्याच्या तोंडीं असे. सगळ्या गांवच्या जमिनीची आठवण ज्यानें राखिली, त्याच्या स्वतःच्या आजाचें नांव मात्र कोणीं राखिलें नाहीं. ह्यावरून दिसून येईल कीं, नोंद नसणें ही स्मरणशक्तीची उणीव नव्हे आणि कुळाचा हलकेपणाहि नव्हे. ज्याच्या हातीं लेखणी होती त्यानें कोणाकडे पाहिलें व कोणाकडे पाठ केली, एवढेंच त्यावरून समजतें.

हें केवळ आपल्याच देशांत घडलें असें नाहीं. अमेरिकेंतील एकोणिसाव्या शतकांतल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाचा वृत्तांत लिहावयास बसलें तर काय हातीं येतें तें पाहा. तेथें दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होत असे. १८५० पूर्वीं तींत घराच्या मुख्याचेंच नांव लिहीत. बायको, मुलें, म्हातारी आई हीं सर्व नुसत्या आंकड्यांत जात. १८५० सालीं प्रथमच घरांतील प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव लिहिलें गेलें. शिवाय पुष्कळ घरांतून पवित्र शास्त्राच्या मोठ्या पुस्तकांत जुन्या व नव्या कराराच्या मध्यें कोरीं पानें असत. त्यांवर जन्म, लग्नें व मृत्यु हे घरचींच माणसें लिहून ठेवीत. स्वातंत्र्ययुद्धांत लढलेल्या शिपायांच्या विधवा पेन्शन मागूं लागल्या, तेव्हां ज्यांच्यापाशीं लग्नाचा दुसरा दाखला नव्हता अशा कित्येकींनीं तीं पानें पुस्तकांतून फाडून अर्जांस जोडिलीं. तीं आजहि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. घरच्या म्हातारीनें वेड्यावांकड्या अक्षरांत लिहिलेली चार नांवें सरकारदरबारीं पुरावा ठरलीं!

परंतु त्याच देशांत, त्याच वर्षीं, त्याच शेतावर राबणाऱ्या गुलामांची गोष्ट निराळी होती. १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांची यादी वेगळी केली आहे. तींत धन्याचें नांव वर असून खालीं माणसामागें एक ओळ आहे: वय, स्त्री कीं पुरुष, आणि वर्ण. नांव बहुतेक कोठेंच नाहीं. गुलामगिरी मोडल्यानंतर १८७० सालीं प्रथमच हीं माणसें इतरांप्रमाणें नांवानिशीं लिहिलीं गेलीं. म्हणून त्या लोकांचे वंशज आपल्या कुळाचा शोध करीत मागें जाऊं लागले म्हणजे १८७० च्या अलीकडे वाट असते आणि पलीकडे बहुधा भिंत असते. आमच्या वाचकांस ही भिंत परकी वाटूं नये. आपल्याहि घरांत कोणी म्हातारा आजाचें नांव सांगतो, पणजाचें नांव आठवून आठवून सांगतो, आणि पुढें गप्प बसतो. ती तीच भिंत होय.

ह्या भिंतीपुढें उभा राहिलेला मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक चूक करितो. एक तर तो लाजतो, आणि घराचा विषयच काढीत नाहीं. नाहींतर तो भिंतीवर चित्र काढितो; म्हणजे जो पूर्वज ठाऊक नाहीं त्याच्या जागीं कोणी थोर पूर्वज बसवितो. पहिली चूक दुःखाची आहे. दुसरी मात्र गोड आहे, आणि म्हणून तिचा विचार अधिक केला पाहिजे.

थोर मूळगांवाची ओढ किती बळकट असते ह्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यांत आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुळकर्णी होते असें फिरिस्ता हा इतिहासकार सांगतो. मलिक अहमदाचा पुत्र बुऱ्हाणशहा तख्तावर असतां पाथरी हें वऱ्हाडच्या इमादशहाच्या मुलुखांत होतें. बुऱ्हाणशहानें तें आपल्या पूर्वजांचें गांव म्हणून मागितलें, आणि बदल्यांत अधिक वसुलाचा परगणा देऊं केला. इमादशहानें नाकारिलें, तेव्हां सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाथरीसाठीं लढाई झाली. सिंहासन मिळालें होतें, फौज होती, खजिना होता. तरी आजाच्या गांवावांचून त्या राजाचें मन भरलें नाहीं. त्या लढाईंत जे शिपाई पडले त्यांचीं गांवें कोणतीं, हें मात्र कोणीं विचारिलें नाहीं.

त्याच पाथरीचें नांव आपल्या काळींहि एका कुळाच्या वादांत गाजलें. शिर्डीचे साईबाबा १९१८ सालीं निवर्तले. त्यांचे आईबाप कोण व जन्म कोठला हें कोणास ठाऊक नव्हतें असें गोविंद रघुनाथ दाभोळकर यांनीं लिहिलेल्या त्यांच्या चरित्रांतच म्हटलें आहे. पुढें म्हाळसापति या त्यांच्या भक्ताची एक आठवण प्रसिद्ध झाली. तिचा आशय असा कीं, बाबा हे पाथरीच्या ब्राह्मणाघरचे असून लहानपणीं एका फकिराच्या स्वाधीन केले गेले होते. ह्या आठवणीचा धागा धरून वि. बा. खेर यांनीं १९७५ च्या सुमारास पाथरीस चौकशी केली आणि तें घर भुसारी कुळाचें असावें असा तर्क मांडिला. आज तेथें मंदिर आहे. २०२० च्या जानेवारींत पाथरीच्या विकासासाठीं १०० कोटी रुपयांची गोष्ट निघाली, तेव्हां जन्मस्थान ह्या एका शब्दावरून शिर्डीकरांनीं १९ तारखेस गांव बंद ठेविलें.

आमचा पंथ निराळा आहे, आणि कोणाच्या श्रद्धेस दुखविण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, शोध करणें आणि ठरवून टाकणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोणी विचारपूस करून असें असावें असें म्हणतो, तो प्रामाणिकपणें वागतो. ऐकणारा जेव्हां त्या असावें चें आहे करितो, किंवा दुसरा त्याच भरांत तें शक्यच नाहीं म्हणतो, तेव्हां सत्य मागें पडतें आणि गांवाचा मान व यात्रेचें उत्पन्न पुढें येतें. पाथरीसारख्या गांवास आपलें म्हणावयास एखादें थोर नांव असावें असें वाटणें ह्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु ज्या पुरुषानें आपलें कूळ सांगितलें नाहीं, आणि कुळावांचूनच लोकांचा आदर मिळविला, त्याच्या कुळावरून दोन गांवांनीं भांडावें, हें मात्र विचार करण्यासारखें आहे.

आतां कोणी असें म्हणेल: "मोठ्यांच्या गोष्टी राहूं द्या. आम्हीं गरिबांनीं आपल्या मुलांस, तुमचा पणजा सरदार होता, असें सांगितलें तर कोणाचें काय गेलें? मूल ताठ मानेनें शाळेंत जाईल." ही शंका हलकी नव्हे, आणि ती हंसण्यावारी नेणाऱ्यास अपमान म्हणजे काय हें कळलेलें नाहीं. अमेरिकेंत ह्याच शंकेची मोठी परीक्षा झाली. अॅलेक्स हेली नांवाच्या लेखकानें १९७६ सालीं रूट्स हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गुलाम म्हणून आफ्रिकेंतून आणिलेल्या कुंता किंते ह्या तरुणापासून आपल्यापर्यंतच्या पिढ्या त्यानें त्यांत वर्णिल्या. लाखों लोकांनीं तो वाचिला. ज्यांची नोंद नुसत्या वयाच्या आंकड्यानें झाली होती त्यांस आपल्यालाहि पूर्वज आहेत हें प्रथमच मनापासून वाटलें, आणि हजारों घरांतून शोध सुरू झाला. हें त्या ग्रंथाचें श्रेय कोणी हिरावूं शकत नाहीं. परंतु १९७८ सालीं त्यांतील कांहीं मजकूर हॅरल्ड कूरलँडर यांच्या कादंबरींतून आला असल्याचें न्यायालयांतील तडजोडींत कबूल करावें लागलें. आणि पुढें वंशशास्त्र्यांनीं दप्तरें तपासून पाहतां ग्रंथांतील पिढ्या कागदांशीं जुळेनात. मग ज्यांस तें बळ मिळालें होतें त्यांच्याच हातून तें काढून घेण्यास विरोधकांस आयतें निमित्त मिळालें. खोट्याच्या टेकूवर उभी केलेली मान टेकू काढतांच खालीं येते. आणि टेकू काढणारा आज ना उद्यां भेटतोच.

तथापि आमच्या मतें खोट्या वंशावळीचा मुख्य दोष हा नव्हे कीं ती कधींतरी उघडकीस येते. समजा, ती कधींच उघडकीस आली नाहीं. तरीहि तिनें एकाचें नुकसान केलेंच. ज्याचें नांव पुसून तेथें सरदार बसविला तो खरा पणजा कोण होता? दख्खननें १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पाहिला; १८९९-१९०० चा पाहिला; १९१८ चा इन्फ्लुएन्झा पाहिला. आज जें कोणी जिवंत आहे त्याच्या घरांतलें कोणीतरी त्या सर्वांतून वांचलेलें आहे. कोणी सालगडी धन्याच्या शेतांत राबून संध्याकाळच्या ज्वारीवर चार पोरें जगवीत होता. कोणी बाई कडेवर मूल घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेली. तिनें तें मूल टाकिलें नाहीं, म्हणून आज आपण आहोंत. तिचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, ही तिची चूक नव्हे. परंतु तिच्या जागीं आपण होऊन दुसऱ्यास बसविलें, तर ती मात्र आपली चूक होय. कारकुनानें तिला एकदां वगळिलें. आतां तिच्याच पणतवंडांनीं तिला दुसऱ्यांदा वगळावें काय? रिकामी जागा निदान तिचीच असते. खोटें नांव लिहिलें कीं ती जागाहि तिची राहत नाहीं.

येथें आमच्या मंडळ्यांतील एक नाजूक गोष्ट बोलल्यावांचून पुढें जाणें बरोबर होणार नाहीं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस त्या जातींच्या सवलती मिळत नाहींत. त्यामुळें कित्येक घरांत बाप्तिस्म्याच्या वहींत एक नांव व शाळेच्या रजिस्टरांत दुसरें, असा प्रकार होतो. हा कायदा न्यायाचा आहे कीं नाहीं ह्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे: गांवच्या विहिरीवर ज्याला जातीनें अडविलें त्याला बाप्तिस्म्याचा कागद पाहून कोणीं पाणी भरूं दिलें नाहीं. म्हणून ज्या बापानें मुलाच्या फीसाठीं दोन नांवें ठेविलीं त्याला दगड मारावयास आम्ही तयार नाहीं. अडचण त्यानें निर्माण केली नाहीं. तरी त्याचें मूल मोठें होऊन आपण खरे कोण असें विचारील, त्या दिवशीं उत्तर देण्यास घरांत एक तरी कागद खरा असला पाहिजे. दोन्हीं नांवें आणि तीं दोन कां झालीं, हें सर्व त्या कागदावर लिहावें. अन्यायाची हकीकतहि कुळाची हकीकतच आहे.

तसेंच, नोंद खरी असली म्हणजे झालें असेंहि नाहीं. खरी वंशावळसुद्धां पुष्कळ लपविते. आपल्याकडच्या बहुतेक वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरतात. त्यांत लेकी नाहींत, सुना नाहींत. झाडाला फांद्या आहेत, पण ज्या मातींतून तें झाड उठलें तिचा पत्ता नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं जी वंशावळ आहे तींत तामार, राहाब व रूथ हीं नांवें आलीं आहेत. एक अन्याय सोसलेली, एक बदनाम, एक परक्या देशची. लिहिणाऱ्यानें तीं गाळिलीं असतीं तर कोणी हरकत घेतली नसती. त्यानें गाळिलीं नाहींत, म्हणून त्या यादीवर विश्वास बसतो. जी वंशावळ नुसता मान सांगते ती जाहिरात समजावी. जी देणें व दुःखहि सांगते तिलाच इतिहास म्हणावें.

आणखी एक गोष्ट. रक्ताची वंशावळ हीच एक वंशावळ नव्हे. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर प्रांतांतल्या मार्लबरो ह्या लहानशा गांवची सिंथिया फॅरार नांवाची एक शिक्षिका १८२७ सालीं मुंबईस आली. मुंबईंत व पुढें अहमदनगरास तिनें मुलींच्या शाळा चालविल्या, आणि १८६२ सालीं ती अहमदनगरासच मरण पावली. तिनें लग्न केलें नाहीं. तिच्या गांवीं घराण्याचें झाड कोणीं काढिलें तर तिची फांदी तिच्याच नांवापाशीं तुटलेली दिसेल. परंतु अहमदनगरची तिची शाळा पाहून आपल्या मनांत मुलींच्या शाळेचा विचार दृढ झाला असें जोतिराव फुले यांनीं सांगितलें आहे. आणि १८४८ सालीं पुण्यांत जी शाळा निघाली तिच्यापासून किती घरांत अक्षर पोहोंचलें तें कोणी मोजिलेलें नाहीं. आपल्या खेड्यांतील जी मुलगी आज आपल्या आजीचें नांव पाटीवर लिहूं शकते, ती कोणत्या तरी वाटेनें त्या तुटलेल्या फांदीच्याच खालीं येते.

तर मग करावें काय? आमची सूचना साधी आहे, आणि ती विशेषेंकरून उपदेशक बंधूंस आहे, कारण घरोघरीं जाणें हें त्यांचें कामच आहे. ह्या उन्हाळ्यांत प्रत्येक घरीं एक शंभर पानी वही सुरू करवावी. घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्यास, विशेषतः आजीस, जवळ बसवून विचारावें, आणि तीन रकाने पाडावे. पहिल्यांत सांगणाऱ्यानें स्वतः पाहिलें तें. दुसऱ्यांत वडील माणसांकडून ऐकिलें तें. तिसऱ्यांत नुसता अंदाज. एका रकान्यांतील गोष्ट दुसऱ्यांत जाऊं देऊं नये. लेकींचीं नांवें लिहावीं, त्या कोणत्या गांवीं दिल्या तेंहि लिहावें. लहानपणीं वारलेलीं मुलें गाळूं नयेत. कोणत्या धन्याकडे किती वर्षें साल घातलें, कोणतें शेत कर्जांत गेलें, दुष्काळांत कोणीं भाकर दिली आणि कोणीं दार लाविलें, हें सर्व लिहावें. मात्र सूड म्हणून लिहूं नये, आठवण म्हणून लिहावें. मंडळीची जुनी वही असेल तर तिच्यांतील बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या तारखा ताडून पाहाव्या. सरकारी कामास हाच पुरावा पुरेल असें वचन आम्ही देत नाहीं. दाखल्यासाठीं जे कागद लागतात ते कचेरींतूनच काढावे लागतील.

आणि जेथें नांव आठवत नाहीं तेथें ओळ सोडावी. ती ओळ भरून काढूं नये व खोडूंहि नये. तिच्या शेजारीं, जें खरोखर ठाऊक आहे तेवढेंच लिहावें: पणजी, नांव कळत नाहीं, गंगाथडीच्या कोण्या गांवची, दुष्काळांत मूल वांचविलें. इतकें जरी एका घरानें खरेपणानें लिहून ठेविलें, तरी कोणत्याहि सरदाराच्या कुलवृत्तांतापुढें त्या घरास मान खालीं घालावी लागणार नाहीं.